धुण्याचा सोडा घालून समुद्र सावरेल का?

निळाई
समुद्राचं आम्लीकरण, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी आम्लाकडे झुकणं, म्हटलं की गाडी पोवळ्यांवर येते आणि तिथेच थांबते. मला कालवांबद्दल (ऑयस्टर) बोलायचंय. २००७-०८ च्या सुमारास अमेरिकेत ऑरेगनच्या किनाऱ्यावर, व्हिस्की क्रीक नावाच्या बीजकेंद्रात कालवांची पिल्लं टाक्याच्या टाक्या मरू लागली. आधी संशय जिवाणूंवर गेला. त्यांचा बंदोबस्त केला तरी मरतूक थांबेना. शेवटी उलगडा झाला तो वाऱ्यावरून. उत्तरेचा वारा सुटला की खोलातलं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी वर येतं, आणि नेमकं तेच टाक्यांत ओढलं जात होतं.

कालवाचं पिल्लू पहिलं कवच साधारण दोन दिवसांत बांधतं. तेव्हा त्याला धड खाताही येत नसतं. अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवरच सगळं. कार्बन डायऑक्साइड वाढला की पाण्यातलं कार्बोनेट, म्हणजे कवचाचा कच्चा माल, कमी होतं, आणि ते कमी असलं की कवच पुरं होण्याआधीच शिदोरी संपते. हा धोका उद्याचा नाही, किनाऱ्यावरच्या माणसांच्या पोटावर तो आलेला आहे. उत्सर्जन कमी करण्यावाचून गत्यंतर नाही, असं माझं ठाम मत आहे.

खडक
उदाहरण चांगलं, निष्कर्ष घाईचा. समुद्र आम्लधर्मी झालेलाच नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी सामू (पीएच; तो ७ च्या खाली गेला की पाणी आम्लधर्मी) ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे, म्हणजे ७ च्या बराच वर. खोलातलं पाणी वर येणं तर त्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलंय. आणि पुढची गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही: त्या केंद्राने पाण्याची सतत मोजणी सुरू केली, त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडाच, घातला आणि उत्पादन सावरलं. किनाऱ्यावरच्या लोकांना आज जास्त छळतंय ते सांडपाणी आणि बेसुमार मासेमारी. पैसा आधी तिथे लागू दे.

गाज
खडक, सामूची मोजपट्टी साधी नसते. ०.१ ने खाली येणं म्हणजे हायड्रोजन आयन पाव पटीने वाढणं. हे आयन कार्बोनेटला धरून त्याचं बायकार्बोनेट करतात. गवंडी कामावर यावा आणि विटा आधीच कुणी उचलून नेलेल्या असाव्यात, तशी कवच बांधणाऱ्यांची गत होते. त्यासाठी सामू ७ वर यावा लागत नाही.

वर येणाऱ्या पाण्याबद्दल एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. ते पाणी काही दशकांपूर्वी पृष्ठभागावर होतं आणि तेव्हाच्या हवेतला कार्बन घेऊन खाली गेलं. आजच्या हवेतला कार्बन घेतलेलं पाणी वर यायचंय अजून.

खडक
हे मी लक्षात घेतलं नव्हतं, मान्य. तरी सरसकट भीती घालू नये. २००९ मध्ये आम्लीकरणाने क्लाऊनफिश या प्रवाळातल्या माशाची वासाची जाण बिघडते असं प्रसिद्ध झालं आणि ते सगळीकडे पसरलं. पुढे २०२० मध्ये प्रवाळातल्या माशांवर तसे प्रयोग नव्याने केले, तर वागण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. काही खेकडे-कोळंब्यांनी तर प्रयोगशाळेत जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये जाड कवच बांधलं.

निळाई
माशांचा दाखला मीही देत असे, आता देत नाही. पण पापुआ न्यू गिनीत समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, तिथलं चित्र बघा. धोंड्यासारखी गोलमटोल पोवळी तगून आहेत, फांद्या फुटणारी विरळ झालीत. त्या फांद्यांच्या बेचक्यात लपणारे छोटे खेकडे-कोळंब्याही कमी झाल्या. म्हणजे जीव स्वतः पाण्याला टिकला तरी त्याचं घर जातं.

आणि सोडा टाकीत घालता येतो हो. ओहोटीला खडकांवर बसून कालवं फोडणाऱ्या बाईने तो कुठे घालायचा?

खडक
तिच्यासाठीच सांडपाण्याचं म्हणतोय मी. त्यातल्या नत्र-स्फुरदाने शेवाळ माजतं, ते कुजताना आणखी कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्या खाडीचा सामू अजून उतरतो. जगाचं एकमत व्हायची वाट न बघता तो नळ बंद करता येतो.

गाज
करायलाच हवा. पण खाडीच्या तोंडातून भरतीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, ते जगाचंच असतं.