शाळेच्या फॉर्मवर माईचं नाव कुठे लिहू?

दोघींची_लेक: डोंबिवली पूर्वेला राहतो आम्ही. लेक चार वर्षांची. मला आई म्हणते, माझ्या जोडीदारणीला माई. दत्तक मी ‘एकटी स्त्री’ म्हणून घेतलं, कारण जोडप्याला ‘कारा’ (दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्र सरकारची संस्था) दोन वर्षांचं लग्न मागते. सोसायटीत आम्ही ‘त्या दोघी बहिणी’. हळदीकुंकवाला बोलावतात, वाणही देतात, पुढचं कुणी विचारत नाही. आता केजीचा फॉर्म आलाय. वडिलांचा रकाना रिकामा ठेवीन, पण रोज डबा भरून वेणी घालते ती माई. तिचं काय?

वकीलताई: ‘अधिकृत पालक’ किंवा तातडीच्या संपर्कात लिहा. सोबत तुमच्या सहीचं पत्र द्या की ही मुलीला घेऊन जाऊ शकते. समलिंगी विवाहावरच्या सुप्रीम कोर्टाच्या 2023 च्या निकालानंतरही दोघींना मिळून दत्तक घेता येत नाही, म्हणून मृत्युपत्रात पालक म्हणून तिचं नाव घाला. हे टाळू नका. जॉइंट खातं मात्र उघडता येतं, 2024 मध्ये सरकारनेच स्पष्ट केलंय.

ठाणेकर_काकू: माझी भाची अशीच राहते. वर्गशिक्षिकेला आधीच भेटा. पोरगी ‘माझी माई’ म्हणून चित्र काढणारच, तेव्हा बाईंना धक्का नको.

दोघींची_लेक: भेटून आले! बाई म्हणाल्या, “गॅदरिंगला दोन पास लागतील ना?” फॉर्मवर ‘स्थानिक पालक’ असा रकाना निघाला, नात्यापुढे मी ‘माई’ लिहिलं. क्लार्कने चष्म्यावरून पाहिलं आणि शिक्का मारला. मृत्युपत्राचं राहिलंय. काकू, चित्र घरी आलंय, माईला मिशा काढल्यात.