कोचीत शुक्रवार ते रविवार: क्रम बरोबर आहे का?

दांडियाबाजारकर:
डिसेंबरात बडोद्याहून कोचीला जातोय. शुक्रवारी सकाळपासून तिथे असू, रविवारी रात्री निघायचं. सोबत आई-बाबा, आईचे गुडघे दुखतात. शुक्रवारी मट्टनचेरी, शनिवारी हिल पॅलेस, रविवारी फोर्ट कोची असं ठरवलंय. चालेल?

मांडवीचा_भटक्या:
नाही चालणार. मट्टनचेरी पॅलेस शुक्रवारी बंद, आणि शेजारचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस बंद. शिवाय रविवारी सकाळी फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये प्रार्थना असते. पहिला आणि शेवटचा दिवस सरळ अदलाबदल करा.

शुक्रवारी फोर्ट कोची. रस्ते सपाट आहेत, आईंना त्रास नाही. चर्चमध्ये वास्को द गामाची जुनी कबर दिसेल. तो १५२४ साली कोचीतच वारला, अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या, दगड तेवढा राहिला. वर बघायला विसरू नका: कापडी पंखे टांगलेत, त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर जातात, ओढणारा बाहेर बसायचा.

रविवारी दहालाच मट्टनचेरी गाठा, कारण सिनेगॉग दुपारी एक ते तीन बंद असतं. चपला बाहेर, हाफपँट नको. सिनेगॉग १५६८ चं. जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा हातानं रंगवलेल्या आहेत, खाली बघत सावकाश फिरा. पॅलेस पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून राजाला दिला, डचांनी नंतर दुरुस्त केला, म्हणून लोक डच पॅलेस म्हणतात. बाहेरून अगदी साधा, पण राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण रंगवलेलं आहे. आपल्या बडोद्याच्या फत्तेसिंह म्युझियममधला रविवर्मा डोक्यात ठेवून गेलात तर पहिली पाच मिनिटं गोंधळात जातील: इथे छाया-प्रकाश नाही, आकृतीला आकृती चिकटलेली. चित्रांचे फोटो काढण्याआधी विचारून घ्या.

रिक्षावाला 'फक्त पाच मिनिटं' म्हणून मसाल्याच्या दुकानात नेतो, त्याला कमिशन असतं. बसण्याआधीच नाही म्हणा.

रावपुरा_रेल:
तिकीट काढताना 'कोची' शोधत बसू नका, एर्नाकुलम जंक्शन टाका. ओखा–एर्नाकुलम आणि मरुसागर, दोन्ही गाड्या बडोद्याला थांबतात, पण रोज नसतात. स्टेशनवरून फोर्ट कोचीला रस्त्यानं जाण्यापेक्षा हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रो घ्या. एसी बोट आहे, चढ-उतार सोपी. सुट्टीच्या दिवशी रांग लागते, सकाळी लवकर निघा.

खारं_पाणी:
फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरची मासेमारीची चिनी जाळी बघायला कुठल्याही वेळी जाऊ नका, भरतीची वेळ आधी बघून घ्या. ओहोटीला ती नुसती टांगलेली दिसतात. मुख्य वाशावर माणूस चालत पुढे गेला की त्याच्या वजनानं जाळं पाण्यात उतरतं. वर काढायला चार-सहा जण दोर खेचतात, मागे दोरांना बांधलेले दगड तोलाला. 'या, ओढून बघा' म्हणतील, ते फुकट नसतं. दोराला हात लावण्याआधी आकडा विचारा.

दांडियाबाजारकर:
धन्यवाद, अदलाबदल केली. हिल पॅलेस शनिवारीच ठेवू ना?

मांडवीचा_भटक्या:
ठेवा, तो सोमवारी बंद असतो. मेट्रो त्रिपुणितुरापर्यंत जाते, पुढे रिक्षा. फक्त तो टेकडीवर आहे, पायऱ्या आहेत, आईंना सावकाश न्या. संध्याकाळी कथकली घेणार असाल तर खेळाच्या तासभर आधी पोचा, मेकअप समोर बसून करतात. हिरवा चेहरा नायकाचा. डोळे लाल दिसावेत म्हणून पापणीखाली एक बी ठेवतात, तेही तिथेच दिसतं.