अंधांसाठी संग्रहालयात बोलती माहिती: क्यूआर, एनएफसी की बीकन?

मांडवीकाठ: फोंड्याजवळ लहान संग्रहालय आहे. दोन खोल्या, चिऱ्यांच्या जाड भिंती, तीसेक वस्तू: वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड), समया, घुमट (मातीचं गोमंतकी वाद्य). दृष्टिहीनांना स्वतःच्या फोनवर माहिती ऐकता यावी. काय बसवावं? पैसे बेताचे.

चिरेबंदी: बीकन, म्हणजे ब्लूटूथवरून जवळच्या फोनला खूण पाठवणारं छोटं यंत्र, नकोच. त्याच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी माणसांच्या अंगातलं पाणी शोषून घेतं. शाळेची सहल आत शिरली, की फोन समईपुढे घुमटाची माहिती सांगतो. क्यूआरचं दुखणं वेगळं: तो कुठे आहे हेच दिसत नाही, तर कॅमेरा धरणार कुठे?

एनएफसी लावा, म्हणजे फोन जवळ नेला की वाचला जाणारा चिपचा छोटा टॅग. त्यातला एनटॅग 213 हा प्रकार पुरे. त्यात 144 बाइटच मावतात, म्हणजे फक्त माहितीच्या पानाचा दुवा. फोन अगदी दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावा लागतो, तेव्हा टॅग बोटांना सापडायला हवा: प्रत्येक वस्तूपुढे एकाच जागी, जमिनीपासून 1 मीटरवर, भोवती उठावाची गोल कडा. धातूच्या पट्टीवर साधा टॅग चालतच नाही, फेराइटचा (चुंबकी पदार्थाचा) थर असलेला मागा. लिहून झाल्यावर लॉक करा, नाहीतर कुणीही दुवा बदलेल. आयफोनचं वरचं टोक टेकवायचं, अँड्रॉइडची बहुधा पाठ. हे दारातच सांगा.

सहा_टिंबं: वरच्याशी सहमत. चिऱ्याच्या भिंतींआड रेंज मिळाली नाही, तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फाइली ठेवून स्वतःचं वायफाय द्या. 64 केबीपीएस मोनो आवाजाला मिनिटाला अर्धा एमबी लागतो. मात्र त्या वायफायला इंटरनेट नसलं, तर बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि पान उघडत नाही. येणाऱ्याला तो डेटा बंद करायला सांगा.

वीरगळाची थ्रीडी प्रतिकृती जरूर करा. थर 0.1 मिमीचे, मग 220 आणि 400 नंबरचा पॉलिशपेपर. थरांच्या रेघा राहिल्या तर बोट कोरीवकाम सोडून त्यांनाच वाचत बसतं. निवेदन खालून वर न्या: तळाला लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. वरून सुरुवात केलीत, तर वीर मरायच्या आधीच स्वर्गात!

मांडवीकाठ: आणि ब्रेल पाट्या?

सहा_टिंबं: भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांची ब्रेल लिपी. टिंबांत 2.5 मिमी अंतर, उंची अर्धा मिमी. पाटीही थ्रीडी प्रिंटरवर, पण छापताना उभी ठेवा. आडवी छापली तर टिंबांचे माथे खरखरीत येतात. कागदी ब्रेल नको, पावसाळ्यातल्या दमट हवेत टिंबं बसतात.