फेअरनेस डॉक्ट्रिनइतकंच महत्त्वाचं जाहिरातींचं गणित

वादग्रस्त विषयांवर दोन्ही बाजू मांडायला लावणारा अमेरिकेतला प्रसारण-नियम, म्हणजे फेअरनेस डॉक्ट्रिन, १९८७ मध्ये रद्द झाला आणि त्यामुळेच उजव्या विचारांचा रेडिओ निवेदक रश लिंबॉ मोठा झाला, असं म्हटलं जातं. ते खरं, पण अर्धंच. संगीत एफएमवर गेल्यामुळे एएम स्टेशनांच्या दुपारी ओस पडल्या होत्या. १ ऑगस्ट १९८८ पासून एबीसी रेडिओचे माजी प्रमुख एड मॅक्लॉक्लिन यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या या निवेदकाचा कार्यक्रम देशभरच्या स्टेशनांना दिला, तोही जवळजवळ फुकट. मोबदल्यात स्टेशनांनी जाहिरातींची काही मिनिटं मॅक्लॉक्लिन यांना विकण्यासाठी सोडायची. छोट्या गावातल्या स्टेशनाला हे नाकारणं जडच! ५६ स्टेशनांवरून आकडा ६०० च्या वर गेला. मला त्याची मतं अजिबात पटत नाहीत, पण माइकसमोर कागद चुरगाळत, टेबलावर बोटं आपटत श्रोत्याला धरून ठेवणं ही अस्सल रेडिओची जाण होती.