मदत हवी आहे: वायएमओच्या अमेरिकन 'मल्टिप्लाइज'चे टॅगिंग

यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा (वायएमओ) या जपानी इलेक्ट्रॉनिक बँडची १९८० ची अमेरिकन एलपी 'मल्टिप्लाइज' (ए अँड एम कंपनीची) डिजिटल करतोय. रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, सर्वांत मोठा आवाज -६ डेसिबलच्या आत. तिथे सगळं ठीक आहे. अडलंय ते टॅगिंगमध्ये, म्हणजे फाइल्सना गाण्यांची नावं वगैरे माहिती जोडण्यात.

जपानमध्ये याच नावाची १० इंची रेकॉर्ड अल्फा या कंपनीने त्याच वर्षी काढली होती, पण ती वेगळीच चीज. तिच्यात गाण्यांच्या मधेमधे 'स्नेकमॅन शो' या जपानी विनोदी मंडळींची छोटी विनोदी नाट्यं आहेत. जपानी न समजणाऱ्याला त्यांचा काय उपयोग? म्हणून पाश्चात्त्य श्रोत्यांसाठी ती गाळली आणि १९७९ च्या 'सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर'मधली 'रायडीन', 'टेक्नोपोलिस', 'बिहाइंड द मास्क' वगैरे गाणी भरली. थोडक्यात, नाव एक आणि गाण्यांची यादी दुसरी. टॅगर (टॅगिंग करणारा प्रोग्रॅम) नावावरून शोधतो, जपानी यादी उचलतो आणि सगळा घोळ.

दोन गोष्टी सांगा:

१. टॅगरला अल्बमच्या नावाऐवजी लेबलवरच्या कॅटलॉग नंबरवरून किंवा ट्रॅकच्या लांबीवरून शोधायला लावता येतं का? लांबीसाठी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये शांतता पकडून केलेले गाण्यांचे तुकडे चालत नाहीत; रेकॉर्डच्या खरखरीमुळे दोन गाण्यांमधली शांतता सापडतच नाही. शांतता धरायची मर्यादा -४० डेसिबलवर आणली, तर हळू आवाजाचे शेवट कापले जातात.

२. 'सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर'मधून घेतलेल्या गाण्यांचं मिक्स त्या अल्बमच्या जपानी एलपीसारखंच आहे का? दोन्ही रेकॉर्ड ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कृपया लांबी सेकंदांसकट लिहावी. कव्हरवर छापलेली नको, प्रत्यक्ष मोजलेली हवी.