मदत हवी आहे: डक्टमधला ड्रेनेज पाइप गळतोय, खर्च सोसायटीचा की आमचा? (जळगाव)

नमस्कार मंडळी. आम्ही जळगावात पिंप्राळा भागात राहतो. बारा फ्लॅटची, तीन मजली सोसायटी आहे, आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. बिल्डिंगला वीस वर्षं होऊन गेली.

दीड महिन्यापासून सासूबाईंच्या खोलीची भिंत ओली आहे. त्या भिंतीमागे आमचं बाथरूम आणि त्याला लागून डक्ट, म्हणजे सगळे पाइप जातात ती अरुंद पोकळी. आधी हाताएवढा डाग होता, आता रंगाचे पापुद्रे सुटून पलंगावर पडतात. कोपऱ्यात यंदाच्या बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) डबा ठेवला होता. परवा उघडला तर वरच्या थराला बुरशी! सासूबाईंनी पहाटे उठून घाटा शिजवून केलेल्या बिबड्या होत्या त्या. मला फार वाईट वाटलं. त्यांना दम्याचा त्रास आहे, त्या आता हॉलमध्ये झोपतात.

प्लंबर म्हणतो डक्टमधला उभा पाइप गेलाय, साडेअठरा हजार लागतील. सेक्रेटरीसाहेब म्हणतात, "ओल तुमच्या घरात आहे ना, मग खर्च तुमचा." वरच्या मजल्यावरच्या काकू आमच्या घरच्यासारख्या आहेत. त्यांच्याकडे पैसे मागायला मन होत नाही, आणि दोष त्यांचा आहे की नाही हेही माहीत नाही. पाइप सगळ्यांचा कुठपर्यंत आणि आमचा कुठून सुरू होतो? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद (भुसावळ):
ताई, आधी पाणी कुठलं ते शोधा, पैशांचं नंतर. रात्री सगळे झोपल्यावरही ओल वाढत असेल तर ती नळाची लाइन, कारण तिच्यात टाकीचं प्रेशर कायम असतं. कुणी आंघोळ केल्यावरच वाढत असेल तर ड्रेनेज. मग तिसऱ्या मजल्यावरच्यांना सांगा, नहाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यात) निळीचं पाणी ओता आणि वरून चार बादल्या सोडा. तिसऱ्या मजल्याचं पाणी तुमच्यापर्यंत उभ्या पाइपातूनच येऊ शकतं. तुमच्या भिंतीवर निळं दिसलं की तो पाइप सगळ्यांचाच. दुसऱ्या मजल्यावरून सुरुवात करू नका, कारण तिथलं पाणी त्यांच्या ट्रॅपच्या सांध्यातूनही येऊ शकतं आणि काहीच सिद्ध होत नाही.

प्रतिसाद (धुळे):
तुमची नोंदणी सहकारी सोसायटी म्हणून आहे की अपार्टमेंट म्हणून, हे पहिले बघा. आपल्याकडे बोलताना सगळ्यालाच सोसायटी म्हणतात. शेअर सर्टिफिकेट मिळालेले असेल तर १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि उपविधी (सोसायटीचे नियम) लागू. डीड ऑफ डिक्लरेशन (अपार्टमेंटचे घोषणापत्र) असेल तर १९७० चा अपार्टमेंट कायदा, मग सामाईक काय ते त्या डीडमध्ये वाचायचे.

सोसायटी असेल तर आदर्श उपविधीत यादीच आहे. बाहेरच्या पाण्याच्या लाइनी, पंप, टाक्या, ड्रेनेज लाइनी, सेप्टिक टँक, जिना, गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइपांमुळे होणारी गळती, सदनिकेच्या मेन स्विचपर्यंतची वायरिंग, हे सगळे सोसायटीने स्वखर्चाने करायचे. संडास, सिंक वगैरेमुळे होणारी आतली गळती त्या-त्या सदनिकाधारकाची. म्हणजे "ओल कोणाच्या घरात" हा प्रश्नच नाही, गळते काय ते महत्त्वाचे. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी याच कामासाठी गोळा करायचा असतो. तुमच्या मेंटेनन्सच्या बिलात तो रकाना आहे का बघा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नुसते तोंडी बोलून काही होत नाही, मी तीन वर्षे बोलतच होतो.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार! शेअर सर्टिफिकेट सापडलं, कपाटात सासऱ्यांच्या फाइलमध्ये होतं. काल दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या दादांनी स्वतः नीळ ओतली. पाऊण तासाने बिबड्यांचा डबा असायचा त्याच कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर वर, फिकट निळी रेघ उमटली. सासूबाईंनी आधी बघितली आणि मला हाक मारली. काकूंना सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपल्यामुळेच होतंय.

अर्ज दिला, पोच घेतली. सेक्रेटरीसाहेबांनी फोटो बघून पाइपाचा खर्च दुरुस्ती निधीतून करायचं मान्य केलं. आता एकच अडलंय. डक्टमध्ये माणूस शिरेल एवढी जागा नाही, त्यामुळे आमच्या बाथरूमची भिंत आतून फोडावी लागणार. टाइल्स, प्लास्टर आणि खोलीचा रंग सोसायटी देत नाही म्हणते. माझं म्हणणं, सोसायटीच्या पाइपासाठी भिंत फोडली तर ती होती तशी करून देणं त्याच कामात येतं. तुमच्याकडे असं झालं तेव्हा कमिटीने टाइल्सचे पैसे दिले का? ठरावात तसं लिहून घेतलं असेल तर मजकूर इथे टाका. रविवारी सकाळी दहाला मीटिंग आहे.



प्रतिसाद (धुळे):
आमच्या ठरावातले वाक्य असे होते: "सामाईक ड्रेनेज पाइप बदलण्यासाठी सदनिकेत करावी लागणारी तोडफोड व ती पूर्ववत करण्याचा खर्च दुरुस्ती निधीतून करण्यात यावा." टाइल्स साध्या मिळाल्या, जुन्या डिझाइनच्या नाही. फोडण्याआधी भिंतीचे फोटो काढून ठेवा.