बोक्याला डॉक्सिसायक्लिनची पाव गोळी: गिळवायची कशी?

पायरीवरचा_बोका:
बोका, वय 3 वर्षं, वजन 5 किलो. सर्दी आहे, डोळ्यांना चिकट पाणी. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅची पाव गोळी सकाळ-संध्याकाळ 10 दिवस द्यायला सांगितली आहे. मासळीत कुस्करून दिली तर वास घेऊन निघून गेला, आता साध्या मासळीलाही तोंड लावत नाही. तोंडात घातली की फेस काढतो आणि गोळी नंतर सोफ्याखाली सापडते. घरात मदतीला कोणी नाही. एकट्याने कशी द्यायची? दुधातून चालेल का?

टॉवेलबहाद्दर:
दूध नको. डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमला चिकटतं आणि अंगात कमी शोषलं जातं. दही, पनीर, चीजही त्यातच आलं.

आता महत्त्वाचं. ही गोळी कोरडी देऊन मांजर सोडून देऊ नका. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत कितीतरी मिनिटं अडकून बसते, आणि हे औषध जिथे विरघळेल तिथे आतलं अस्तर भाजतं. जखम भरताना नळी आकसते. मग काही दिवसांनी मांजर मान ताणून गिळायला लागतं, खाल्लेलं न पचता तसंच बाहेर टाकतं. म्हणून दर गोळीनंतर 5-6 मिली पाणी किंवा चमचाभर ओलं खाणं पोटात गेलंच पाहिजे.

आधी सगळं हाताशी ठेवा: गोळी, पाणी भरलेली बिनसुईची सिरिंज, खाऊ. बोका पकडल्यावर शोधाशोध केलीत की डाव गेला. एकटे असाल तर जमिनीवर गुडघ्यांवर बसा आणि त्याला दोन मांड्यांमध्ये घ्या, पाठ तुमच्याकडे. मांजर सुटायला मागे सरकतं, इथे मागे जागाच उरत नाही. ओरबाडत असेल तर आधी टॉवेलमध्ये गुंडाळा, पुढचे पंजे आत. मानेशी एक बोट जाईल एवढीच सैल गुंडाळी हवी.

डावा तळवा डोक्यावरून, अंगठा आणि मधलं बोट दोन्हीकडे गालांच्या हाडांवर. नाक छताकडे वळवलं की खालचा जबडा आपोआप ढिला पडतो. उजव्या अंगठ्या-तर्जनीत गोळी, मधल्या बोटाने खालचे पुढचे दात हलकेच दाबा. गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यापलीकडे, बरोबर मध्ये टाका. शेंड्यावर पडली तर जीभच ती बाहेर ढकलते. बाजूला पडली तर चावली जाते, कडू लागते, फेस येतो. तोंड मिटून डोकं सरळ करा, गळा चोळा. जीभ नाकावरून फिरली की समजा गिळली. मग पाणी.

पाव तुकड्याच्या कडा खरखरीत असतात, तुपाचं बोट लावलं की सरकतो. फार कडू लागत असेल तर 4 नंबरची रिकामी जिलेटिन कॅप्सूल वापरा, पण ती ओली झाली की घशाला चिकटते, तेव्हा पाणी आणखीच गरजेचं. दोन प्रयत्न फसले तर अर्धा तास थांबा. तोंड उघडं ठेवून धापा टाकायला लागला तर त्या क्षणी सोडा.

वाटीत_मासळी:
मासळी बिघडली ती भुकटीमुळे. रोजच्या जेवणात औषध कधीच मिसळू नये, मांजर औषध नाही, ते जेवणच नाकारतं. आणि कोणतीही गोळी डॉक्टरांना न विचारता कुस्करू नका, काहींचं आवरण मुद्दाम असतं.

वेगळा खाऊ घ्या: ट्यूबमधली क्रीमी ट्रीट (घटकांत दूध नाही ना ते बघून) किंवा उकडलेल्या चिकनचा लगदा. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. हरभऱ्याएवढ्या तीन गोळ्या करा, औषध फक्त दुसरीत. तिसरी नाकासमोर धरलेली असली की दुसरी घाईत जाते. गोळी हाताळलेल्या बोटांनी खाऊ देऊ नका, वास लागतो.

सर्दीने नाक चोंदलं असेल तर त्याला वासच येत नाही, म्हणजे भूकही नाही. कोमट ओल्या कापसाने नाक पुसा, खाणं जरा कोमट करून द्या. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, आणि गुबगुबीत बोक्यांत ते लवकर होतं.

सिरिंजवाली:
डॉक्टरांना सिरपचं विचारून बघा, पण तिथे पद्धत उलटी. डोकं वर करायचं नाही. गोळीसाठी नाक छताकडे, पातळ औषधाला नाक समोर. वर धरून ओतलंत तर श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. सिरिंजचं टोक सुळ्याच्या मागच्या फटीतून गालात, दर वेळी साधारण अर्धा मिली, गिळू द्या, मग पुढचं. गोळीनंतरचं पाणीही असंच. एकदम 5 मिली पिचकारी नको.

पायरीवरचा_बोका:
मांड्यांमध्ये धरून जमलं. फेस आला तर डोस वाया गेला का? उलटी झाली तर? आणि अंग गरम लागतंय, पॅरासिटामॉलचा बारीकसा तुकडा?

टॉवेलबहाद्दर:
पॅरासिटामॉल कणभरही नाही! मांजराचं यकृत ते निकामी करू शकत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. 500 मिग्रॅची एक गोळी जीव घ्यायला पुरते. आयब्युप्रोफेनही नाही. चुकून दिलं गेलं तर लक्षणांची वाट न बघता स्ट्रिप घेऊन दवाखाना गाठा. अंग गरम लागतंय हे डॉक्टरांना कळवा, ताप गुदद्वारातून थर्मामीटर लावून मोजतात.

फेस कडवटपणाचा असतो, थोड्या वेळात थांबतो. गोळी कुठे पडलेली दिसली नाही तर डोस पोटात गेला असं समजा, पुन्हा देऊ नका. उलटी झाली तर तीत गोळी दिसते का बघा, गोळी दिल्याची आणि उलटीची वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना विचारूनच दुसरी द्या. पुढच्या वेळी दुप्पट देऊन भरपाई करू नका.